११:२२ च्या आधीचे तास: क्रॅनबरी अपघाताचा प्रकरण अभ्यास

कंपनीच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर आणि कामानिमित्त सतत फिरणारे कर्मचारी यांना मी एकाच खोलीत बसवून एकच प्रकरण शिकवतो. एरवी या दोघांची प्रशिक्षणं वेगळी होतात. ड्रायव्हरला ब्रेक, टायर आणि लॉगबुक शिकवतात, प्रवाशाला पासपोर्ट, विमा आणि हॉटेलचा पत्ता. या प्रकरणात मात्र दोघंही एकाच रस्त्यावर आहेत. एक ट्रकच्या स्टिअरिंगवर आहे, दुसरा पुढच्या व्हॅनच्या मागच्या सीटवर, आणि दोघंही कामावर आहेत.

घडलं ते असं. ७ जून २०१४ ही तारीख लागल्यावर, मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५४ मिनिटांनी, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात क्रॅनबरीजवळ, न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावर एका मालवाहू ट्रकने पुढच्या लिमो व्हॅनला, म्हणजे चालकासह भाड्याने मिळणाऱ्या आरामाच्या गाडीला, मागून धडक दिली. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. लेन बंद केल्यामुळे वाहनांची रांग लागली होती आणि ती मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कामाच्या टप्प्यात वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर केलेली होती. ट्रक ६५ मैलांनी, म्हणजे साधारण १०५ किलोमीटरच्या वेगाने येत होता. व्हॅन कलंडली. एकामागोमाग एक अशी सहा वाहनं आणि २१ माणसं या अपघातात सापडली.

व्हॅनमध्ये विनोदी अभिनेता ट्रेसी मॉर्गन आणि त्याचे सहकारी होते. डेलावेअर राज्यातल्या डोव्हर इथे कार्यक्रम करून ते परत निघाले होते. त्यांच्यापैकी जेम्स मॅकनेअर या कलाकाराचा मृत्यू झाला. मॉर्गनच्या मेंदूला गंभीर इजा झाली, आणखी काही जण गंभीर जखमी झाले. ट्रक वॉलमार्ट कंपनीचा होता. एवढी मोठी नावं असल्यामुळे बातम्या खूप आल्या, पण शिकण्यासारखं जे आहे ते बातम्यांत फारसं नव्हतं. अमेरिकेतल्या वाहतूक अपघातांची चौकशी करणारं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, एनटीएसबी, यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले, त्यात ते आहे.

दोन हिशेब

वर्गात मी फळ्यावर आधी एक रेघ काढतो. तिच्या डाव्या टोकाला ११:२२ लिहितो. ६ जूनच्या सकाळी या वेळेला ट्रकचालक डेलावेअरमधल्या स्मर्ना इथे कामावर हजर झाला. उजव्या टोकाला १२:५४, धडकेची वेळ. मधले १३ तास आणि ३२ मिनिटं. त्यातलं प्रत्यक्ष ड्रायव्हिंग ९ तास ३७ मिनिटं.

मग नियम सांगतो. अमेरिकेत मालवाहू वाहनाच्या चालकाला सलग १० तासांच्या सुट्टीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि हे ड्रायव्हिंग कामावर हजर झाल्यापासून १४ तासांच्या आत उरकावं लागतं. माणूस ९ तास ३७ मिनिटांवर आहे, म्हणजे ११ च्या आत. १३ तास ३२ मिनिटांवर आहे, म्हणजे १४ च्या आत. जायचं होतं न्यू जर्सीतल्याच पर्थ अँबॉयला, तेही फार दूर राहिलेलं नव्हतं. लॉगबुक, म्हणजे चालकाच्या तासांची नोंदवही, तपासणाऱ्याला इथे बोट ठेवायला जागा नाही.

दर वेळी एखादा अनुभवी ड्रायव्हर म्हणतोच, "मग सर, त्याची चूक काय? नियमात तर बसतोय."

तेव्हा मी पहिल्या रेघेच्या खाली दुसरी रेघ काढतो. ती डावीकडे बरीच लांब जाते. चालकाचं घर जॉर्जिया राज्यात होतं. तिथून कामाच्या ठिकाणापर्यंत सुमारे ८०० मैल, म्हणजे जवळजवळ १,२९० किलोमीटर. हे अंतर तो रात्रभर स्वतःची गाडी चालवत, सुमारे १२ तासांत कापून आला होता आणि त्यानंतर त्याची शिफ्ट सुरू झाली. एनटीएसबीच्या निष्कर्षानुसार धडकेच्या वेळी तो किमान २८ तास जागा होता.

१२:५४ पासून २८ तास मागे मोजा. आपण ५ जूनच्या रात्री नऊच्या आसपास पोहोचतो. म्हणजे ६ तारखेला सकाळी ११:२२ ला लॉगबुकमध्ये पहिला आकडा पडला, तेव्हा त्याला जागं राहून साडेचौदा तास होऊन गेले होते. लॉगबुकच्या लेखी तो ताजातवाना होता, कारण त्याआधीचे तास 'सुट्टी'चे होते. त्या सुट्टीत तो गाडीच चालवत होता. दोन्ही ड्रायव्हिंग जोडलं तर स्टिअरिंगवरचे तास २१ च्या वर जातात.

इथे मी थोडा वेळ गप्प बसतो. ड्रायव्हर मंडळी मनातल्या मनात स्वतःचा हिशेब करत असतात, ते चेहऱ्यावर दिसतं. गावाहून रात्रभर येऊन सकाळी गाडीवर चढणं ही या धंद्यात कुणालाच नवलाची गोष्ट नसते. अशी ये-जा 'प्रवास' म्हणून मोजलीच जात नाही. घरून कामावर येणं हा ज्याचा त्याचा खासगी मामला, असं मालकही धरून चालतो आणि चालकही.

जागेपणीचे तास शरीरावर काय करतात, याबद्दल १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत डॉसन आणि रीड या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांच्या समन्वयाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढासळतं. २४ तासांनंतर ते सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीवर जातं. अमेरिकेत मालवाहू वाहनाच्या चालकासाठी अल्कोहोलची मर्यादा ०.०४ टक्के आहे. आता हे आकडे फळ्यावरच्या दुसऱ्या रेघेवर ठेवा. १७ तास भरले दुपारी दोनच्या सुमारास, शिफ्ट सुरू होऊन तीन तासही झाले नव्हते. २४ तास भरले रात्री नऊच्या सुमारास. त्यानंतर जवळजवळ चार तासांनी धडक झाली. या माणसाने दारूचा थेंब न घेताही त्याच्या हातात ट्रक देणं किती धोक्याचं होतं, हे या रेघेवर दिसतं. पहिल्या रेघेवर ते दिसत नाही.

अमेरिकेतल्याच एएए फाउंडेशन फॉर ट्रॅफिक सेफ्टी या संस्थेने २०१६ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासून आणखी एक हिशेब मांडला. मागच्या २४ तासांत चार तासांपेक्षा कमी झोपलेल्या चालकाचा अपघाताचा दर सात किंवा जास्त तास झोपलेल्याच्या तुलनेत सुमारे साडेअकरा पट निघाला. चार ते पाच तास झोपलेल्याचा चार पटींहून जास्त. झोप दोन-तीन तासांनी कमी झाली तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला मी हे दोन आकडे देतो.

"नियमात बसतोय" याबद्दल

त्या अनुभवी ड्रायव्हरच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रश्न प्रामाणिक असतो.

पहिली गोष्ट, तो नियमात बसत नव्हता. अमेरिकेच्या संघीय नियमांत तासांच्या हिशेबापलीकडे आणखी एक कलम आहे, ३९२.३. थकवा किंवा आजारपणामुळे चालकाची क्षमता किंवा सावधपणा कमी झाला असेल, तर त्याने गाडी चालवू नये, आणि कंपनीने त्याला चालवायला लावू नये किंवा चालवू देऊ नये, असं ते सांगतं. यात जबाबदारी दोघांवर आहे. तासांचं कलम मोजता येतं म्हणून सगळे तेच पाळतात. थकव्याचं कलम मोजता येत नाही म्हणून ते कागदावर राहतं. एनटीएसबीने कंपनीकडे चालकांच्या थकव्याचं पद्धतशीर व्यवस्थापन नव्हतं याकडेही लक्ष वेधलं.

दुसरी गोष्ट, हा अपघात ज्या राज्यात झाला, त्याच न्यू जर्सीत २००३ पासून 'मॅगीचा कायदा' आहे. १९९७ मध्ये मॅगी मॅकडॉनेल ही वीस वर्षांची विद्यार्थिनी समोरून लेन ओलांडून आलेल्या व्हॅनच्या धडकेत गेली. व्हॅनचा चालक ३० तास झोपलेला नव्हता. झोप न घेता गाडी चालवण्याविरुद्ध राज्यात कायदाच नसल्यामुळे तो शेवटी २०० डॉलरच्या दंडावर सुटला. मॅगीच्या आईने पाठपुरावा केला आणि कायदा झाला. २४ तासांहून जास्त वेळ न झोपलेल्या माणसाने गाडी चालवून कुणाचा जीव घेतला, तर तो बेपर्वाईचा पुरावा मानता येतो. एका आईला हे राज्याच्या विधिमंडळाकडून मिळवावं लागलं, ही गोष्ट सांगताना दर वेळी माझा घसा दाटतो. क्रॅनबरीच्या चालकावर खटला भरताना याच कायद्याचा आधार घेतला गेला.

जगात इतर ठिकाणी नियमांचे आकडे वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या १५३ व्या करारात सलग चार तासांहून जास्त ड्रायव्हिंग विश्रांतीशिवाय करू नये, दिवसाचं एकूण ड्रायव्हिंग नऊ तासांपुरतं असावं आणि रोज किमान दहा तास सलग विश्रांती मिळावी, असं म्हटलं आहे. युरोपीय संघात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. आकडे कुठलेही घ्या, सगळे मोजतात ते काम. चालक विश्रांतीच्या तासांत झोपला की आणखी कुठली गाडी चालवत होता, हे त्याला विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

शेवटचे काही सेकंद

ट्रक ताशी १०५ किलोमीटरने जात असताना दर सेकंदाला २९ मीटर पुढे सरकतो. ७२ किलोमीटरला २० मीटर. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरू, आणि कोरड्या रस्त्यावर ट्रकचा वेग दर सेकंदाला चार मीटर प्रति सेकंदाने उतरतो असं धरू. हा माझा वर्गातला अंदाज आहे, अहवालातला आकडा नव्हे. १०५ च्या वेगाला थांबायला सुमारे १५० मीटर लागतात, ७२ ला सुमारे ८० मीटर. मधे ७० मीटरचा फरक आहे. रांगेतलं शेवटचं वाहन त्या ७० मीटरांत असेल, तर काय होईल ते उघड आहे.

थकलेल्या माणसाचा दीड सेकंद दीड सेकंद राहत नाही. एक सेकंद उशीर म्हणजे आणखी २९ मीटर. आणि चार सेकंदांची डुलकी लागली, तर ट्रक शंभराहून जास्त मीटर जातो, ज्यात स्टिअरिंगवर कुणीच नसल्यासारखं असतं. अशा डुलकीत डोळे उघडेही असू शकतात. माणसाला नंतर विचारलं तर तो शपथेवर सांगेल की मी झोपलोच नव्हतो, आणि तो खोटं बोलत नसेल. त्याला ते खरोखर कळलेलं नसतं.

एनटीएसबीचं म्हणणं असं की वेग कमी करण्याची पाटी दिसल्यावर चालकाने ४५ मैलांवर वेग आणला असता, तर धडकेआधी ट्रक थांबवणं शक्य होतं. पाटी होती. ती दिसत होती. थकलेला मेंदू पाटी पाहतो पण तिच्यावरून काही करत नाही, हेच त्याचं पहिलं लक्षण असतं. म्हणून मी ड्रायव्हरना सांगतो की जांभई ही फार उशिराची खूण आहे. त्याआधीच्या खुणा ओळखा. मागची तीन-चार किलोमीटर कशी गेली ते आठवत नाही. घ्यायचं वळण सुटलं. वेग आपोआप कमी-जास्त होतोय. गाडी लेनच्या पट्टीला घासते आणि आपण दचकून सावरतो. यातली एक जरी खूण दिसली तरी पुढच्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यायची, आणि सुरक्षित जागा म्हणजे महामार्गाची कड नव्हे. थांबण्यासाठी आखलेली जागा, पेट्रोल पंप, विश्रांतीस्थळ.

काच खाली करणं, रेडिओ मोठा लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांनी काही मिनिटं बरं वाटतं आणि तेवढंच. उपयोगी पडते ती कॉफी आणि डुलकी, दोन्ही मिळून. कॉफीचा परिणाम दिसायला अर्धा तास लागतो. म्हणून आधी कॉफी प्यायची, मग लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे, आणि उठल्यावर दहा मिनिटं इकडेतिकडे चालून मग स्टिअरिंगवर बसायचं. याने पुढचा एखादा तास भागतो. २८ तासांच्या जागरणाला यात उतारा नाही. तिथे गाडी बंद करून झोपणं हाच उपाय आहे, आणि तो करणाऱ्याच्या पाठीशी कंपनी उभी राहिली पाहिजे.

एक गोष्ट रांगेत पुढे असलेल्यांसाठीही सांगतो. कामाच्या टप्प्याजवळ रांग दिसली की लवकर आणि हळूहळू वेग कमी करा, चारही इंडिकेटर लावा, आणि पुढच्या गाडीला अगदी चिकटून उभं न राहता बाजूला निघायला जागा ठेवा. नजर आरशात असू द्या, मागे आणखी दोन-तीन वाहनं येऊन थांबेपर्यंत. रांगेतलं शेवटचं वाहन असणं ही त्या रस्त्यावरची सगळ्यात धोक्याची जागा असते.

मागच्या सीटवर

आता वर्गातल्या दुसऱ्या बाजूकडे वळतो, जिथे टाय लावलेली, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेली माणसं बसलेली असतात. तोवर ती सहानुभूतीने ऐकत असतात, कारण चूक ट्रकवाल्याची होती.

एनटीएसबीने अपघाताचं कारण ट्रकचालकाचा थकवा आणि जास्त वेग असं दिलं. त्याच परिच्छेदात पुढे म्हटलं की प्रवाशांच्या भागात बसलेल्यांनी उपलब्ध असलेले सीटबेल्ट वापरले नव्हते आणि हेडरेस्ट नीट लावलेले नव्हते, त्यामुळे इजा अधिक गंभीर झाल्या. तिथे बेल्ट होते, ते लावलेले नव्हते. हे वाक्य वाचून दाखवलं की खोलीत हालचाल होते.

मी त्या प्रवाशांना दोष द्यायला हे सांगत नाही. रात्रीची वेळ, काम संपलेलं, आरामाची गाडी, गप्पा मारायला सोयीच्या सीटा, आणि चालक पगारी. अशा गाडीत बसलं की माणूस बैठकीच्या खोलीत बसल्यासारखा सैल होतो. मोठ्या व्हॅनमध्ये, मिनीबसमध्ये, टॅक्सीच्या मागच्या सीटवर जगभर हेच दिसतं. पण १०५ किलोमीटरने येणाऱ्या ट्रकने मागून ढकललं की गाडी अचानक पुढे जाते, माणूस क्षणभर जागेवर राहतो, आणि मान मागे फेकली जाते. हेडरेस्टचं काम तिथे असतं. त्याची वरची कड निदान कानांच्या वरच्या टोकापर्यंत हवी आणि डोक्यापासून ते चार बोटांपेक्षा फार लांब नको. गाडी उलटली की बेल्ट न लावलेला माणूस आत कुठेही आपटतो, शेजारच्यावरही. त्यामुळे शेजाऱ्याने बेल्ट लावलाय का हा आपलाही प्रश्न असतो.

एनटीएसबीने लिमो चालवणाऱ्या कंपन्यांनी निघण्यापूर्वी प्रवाशांना सुरक्षेची माहिती द्यावी असं सुचवलं. विमानात दरवाजे बंद झाल्यावर देतात तशी. मला ही सूचना सगळ्यात आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत. चालकाने मागे वळून तीस सेकंद बोलायचं: बेल्ट कुठे आहेत, दार आतून कसं उघडतं, दुसरी वाट कुठली. चालक बोलला नाही तर प्रवाशाने विचारायचं.

'दुसरी वाट' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या व्हॅनमध्ये मूळ गाडीत नंतर बदल करून चालकाची केबिन आणि प्रवाशांचा भाग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत बसवलेली होती. अपघातानंतर बाहेर पडायची वाट अडली आणि बचाव पथकाला आतल्या माणसांपर्यंत पोहोचायला वेळ गेला. घटनास्थळी रुग्णसेवेत समन्वय कमी पडला, हेही अहवालात आहे. सजवलेल्या, बदल केलेल्या गाडीत बसताना दार किती आहेत, कोणतं उघडतं, काच फोडायची हातोडी आहे का, हे बसताक्षणी पाहून घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

प्रवाशाचे स्वतःचे २८ तास

टाय लावलेल्यांना मी शेवटी पुन्हा फळ्याकडे पाहायला लावतो. दुसरी रेघ, ती लांब. ती ट्रकचालकाची आहे, पण जरा बदलली की ती तुमची होते.

सकाळी सहाला उठून ऑफिस. संध्याकाळी विमानतळ. रात्रभराचं विमान, खुर्चीत तुकड्यातुकड्यांची झोप, तीही झोपच म्हणायची तर. पहाटे उतरून भाड्याची गाडी, अनोळखी रस्ता, कदाचित उलट्या बाजूची वाहतूक, आणि तीन तासांवरची दहाची मीटिंग. विमानातली झोप न धरता मोजली तर ही व्यक्ती गाडी सुरू करते तेव्हाच २४ तासांच्या आसपास जागी असते. शरीराचं घड्याळ अजून जुन्या वेळेवर असतं. त्या घड्याळानुसार पहाटेचे दोन ते सहा आणि दुपारचे दोन ते चार हे पेंगेचे तास, आणि नव्या ठिकाणी ते नेमके मीटिंगच्या किंवा परतीच्या ड्रायव्हिंगच्या वेळेवर येऊन पडू शकतात. या माणसाला लॉगबुक नसतं, ११ तासांची मर्यादा नसते, आणि कुणी विचारतही नाही. माझ्या मते वाहतुकीतला सगळ्यात कमी पाहिला जाणारा धोका हाच आहे.

याचं उत्तर गाडीत बसल्यावर सापडत नाही, ते तिकीट काढताना सापडतं. लांबच्या रात्रीच्या प्रवासानंतर स्वतः गाडी चालवायची नाही, आदल्या दिवशी पोहोचून रात्र झोपायचं, असा नियम कंपनीने लिहून ठेवला तर प्रवास करणाऱ्याला वरिष्ठांशी भांडावं लागत नाही. जास्तीची एक रात्र म्हणजे खर्च, हे मला मान्य आहे. पण तो खर्च मान्य करायचं काम वरिष्ठांचं आहे. पेंगुळलेल्या माणसाने विमानतळाच्या काउंटरवर उभं राहून तो निर्णय घ्यावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

चालक असलेली गाडी घेतली तरी प्रश्न संपत नाही, तो फक्त दुसऱ्याकडे जातो. तुम्ही विमानात झोपलात, पण विमान चार तास उशिरा आलं आणि चालक पार्किंगमध्ये सीट मागे करून जागाच होता. त्याला "थकलात का?" विचारलं तर तो "नाही साहेब" म्हणणार, कारण त्याची रोजी त्यावर आहे. "किती तास ड्यूटी झाली?" विचारलं तर तो पहिल्या रेघेचा आकडा सांगेल. विचारायचं ते असं: "शेवटचं कधी झोपलात? किती वेळ?" आणि उत्तर ऐकून आपणच म्हणायचं की आज जवळच्या हॉटेलात थांबू, सकाळी निघू, तुमचीही खोली घेतो आणि आजचे पैसे पूर्ण मिळतील. हे शेवटचं वाक्य नसेल, तर आधीच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही.

आमच्या प्रवासाच्या फॉर्मवर आता ड्यूटीच्या तासांच्या रकान्याआधी तीन ओळी आहेत. मागच्या २४ तासांत किती झोपलात. गाडीवर बसण्याआधी आज किती तास प्रवास करून आलात, कुठल्याही वाहनाने. अंदाजे किती वाजता पोहोचाल आणि तोवर तुम्हाला जागं राहून किती तास होतील. तिसरा आकडा १६ च्या वर गेला तर फेरी पुढे ढकलायची, पगार न कापता. सुरुवातीला सगळे पहिल्या ओळीत '८' लिहायचे. दुसरी ओळ आल्यावर लबाडी कमी झाली, कारण गावाहून आल्याचं लपवायचं काही कारण आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात एक चालक फॉर्म भरता भरता थांबला. दुसऱ्या ओळीत त्याने ७ लिहिलं होतं. रात्री नातेवाईकाला दवाखान्यात सोडून तो थेट आला होता. तिसऱ्या ओळीत त्याची बेरीज २६ आली. त्याने ती दोनदा केली, कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "सर, हे बरोबर आहे का?" बरोबर होतं. त्याला विश्रामगृहाची किल्ली दिली, आणि ती फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघाली.